लिमिटेड एडिशन प्रिंट आणि आर्टिस्ट प्रूफ: पुण्यातून सतत येणारे प्रश्न

प्रिंट विकत घ्यायला लागलेले किंवा घ्यावी की नाही या विचारात असलेले लोक मला जे विचारत असतात ते इथे एकत्र केलंय. सोपे प्रश्न आधी, किचकट शेवटी. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात येऊन गेला असेल तर तिथला नंबर दिलाय. लिमिटेड एडिशनच्या (ठरावीक संख्येतच छापलेल्या प्रिंटच्या) नावाखाली हल्ली काहीही विकलं जातं आणि प्लेटवर महिनोन्‌महिने काम करणारे कलाकार मागे राहतात, हे मला फार खटकतं, म्हणून काही ठिकाणी जरा जास्तच लिहिलं गेलंय.

१. प्रिंट म्हणजे शेवटी कॉपीच ना? मग ती ओरिजिनल कशी?

कॉपी नाही, कारण जिची कॉपी काढली असं आधीचं चित्रच नसतं. कलाकार तांब्याच्या किंवा जस्ताच्या प्लेटवर, लाकडावर, लिनोवर (लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर), लिथोच्या दगडावर (त्यावर तेलकट खडूने काढतात) नाहीतर स्क्रीनवर (ताणलेल्या जाळीवर) थेट काम करतो आणि त्यावरून कागदावर छाप घेतो, तो छाप हेच चित्र. एचिंगचं (प्लेटवर ॲसिडने रेघा कोरायचं तंत्र) बघा: प्लेटवर शाई चोपडायची, ती रेघांमध्ये दाबून बसवायची, जाळीच्या कापडाने आणि शेवटी तळहाताने वरची शाई पुसत न्यायची, ओलसर कागद ठेवायचा, वर फेल्ट टाकायचं आणि प्रेसचं चाक फिरवायचं. आणि हे सगळं दर कागदाला पुन्हा पहिल्यापासून. म्हणून एकाच एडिशनमधल्या दोन प्रिंट शेजारी ठेवल्या तर पुसण्यातला बारीक फरक दिसतो.

प्रिंटमेकर झरीना हाश्मी यांचा १९९९ चा ३६ वुडकटचा (लाकडावर कोरून छापलेल्या चित्रांचा) संच आहे, एडिशन फक्त २५ ची. त्यातला एक संच न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये आहे म्हणून बाकीचे कॉपी ठरत नाहीत, सगळे तितकेच ओरिजिनल. पोस्टर म्हणजे तयार चित्राचा फोटो काढून ऑफसेट मशीनवर हजारोंनी छापलेला कागद. दोघांत फरक आहे तो हा.

२. खाली पेन्सिलने १२/५० लिहिलंय, म्हणजे काय?

खालचा आकडा एडिशन केवढी आहे ते सांगतो, म्हणजे ५०, आणि वरचा तुमच्या कागदाचा नंबर. साधारण पद्धत अशी की डाव्या कोपऱ्यात नंबर, मधे नाव, उजवीकडे सही आणि साल. पेन्सिल अशासाठी की ती कागदात बसते, पेनच्या शाईसारखी उडत किंवा पसरत नाही आणि छापलेल्या सहीपासून लगेच वेगळी ओळखू येते. ही पेन्सिलची सही रुळली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, त्यामुळे त्याआधीच्या प्रिंटवर नंबर नाही म्हणून ती खोटी असं समजू नका.

३. मग १/५० हे ४९/५० पेक्षा भारी असणार ना?

बहुतेक वेळा नाही. कागद वाळले की गठ्ठा समोर घेऊन एका बैठकीत नंबर टाकतात, त्यामुळे जी पहिली छापली तिलाच १ मिळेल असं काही नसतं. विक्रेते १/५० ला जास्त पैसे मागतात, पण ते ऐकायला छान वाटतं एवढंच.

एक अपवाद मात्र खरा आहे. ड्रायपॉइंटमध्ये सुईने तांबं ओरखडलं की रेघेच्या कडेला बारीक कंगोरा उभा राहतो, त्यात शाई धरली जाते आणि रेघ मखमली दिसते. प्रेसच्या दाबाने तो कंगोरा झपाट्याने बसत जातो. मेझोटिंटचंही (सगळी प्लेट खरखरीत करून मग उजळ भाग घासून काढायचं तंत्र) थोडंफार तसंच. त्यामुळे या दोन प्रकारांत सुरुवातीचे छाप खरोखर जास्त गडद आणि भरलेले असतात (अर्थात प्लेटवर लोखंडाचा पातळ मुलामा चढवून घेतला असेल तर ती बरीच टिकते). तरीही नंबर न बघता छाप बघा, काळा किती खोल आलाय ते डोळ्यांना कळतं.

४. आर्टिस्ट प्रूफ म्हणजे काय? सगळे म्हणतात ते घ्यावं.

एडिशनच्या बाहेर कलाकार स्वतःसाठी ज्या थोड्या प्रिंट ठेवतो त्या आर्टिस्ट प्रूफ, खाली ए/पी लिहिलेलं असतं, फ्रेंच पद्धतीने काम करणारे ई.ए. लिहितात. रूढ प्रमाण एडिशनच्या साधारण १० टक्के, म्हणजे ५० च्या एडिशनला ५ एपी. नीट काम करणारे त्यांनाही नंबर देतात, ए/पी २/५ असा, किंवा रोमन आकड्यांत.

आता घ्यावं का? एपी बहुतेक वेळा एडिशनमधल्या प्रिंटसारखीच असते, तीच प्लेट, तीच शाई, तोच कागद. संख्येने कमी आणि कलाकाराच्या स्वतःच्या कपाटातली, म्हणून काही संग्राहक थोडे जास्त पैसे देतात, आणि ते समजण्यासारखं आहे. पण ‘एपी आहे म्हणून दुप्पट’ असं कोणी म्हणालं तर सरळ विचारा, यात वेगळं काय आहे? कधीकधी असतंही, शाईचा टोन वेगळा, कागद वेगळा, वर हाताने केलेलं काहीतरी. ते दाखवता आलं पाहिजे. आणि ५० च्या एडिशनला ३० एपी निघाल्या असतील तर ती एडिशन ५० ची नाही, ८० ची आहे.

५. पीपी, एचसी, बीएटी, टीपी... ही अक्षरं कशाची?

पीपी म्हणजे छापणाऱ्या कारागिराला दिलेली प्रिंट, प्रिंटर्स प्रूफ. एचसी म्हणजे विक्रीसाठी नसलेली, गॅलरीत दाखवायला वगैरे, पुढे ती बाजारात येतेच. बीएटी हा मंजुरीचा छाप, कलाकार त्यावर ‘हो, असंच छापा’ म्हणून सही करतो आणि बाकी सगळी एडिशन त्याच्याशी ताडून बघतात, त्यामुळे तो एकच असतो. टीपी म्हणजे ट्रायल प्रूफ, काम चालू असतानाचा.

यातलं मला सगळ्यात जास्त आवडतं ते ट्रायल आणि स्टेट प्रूफ. प्लेट अर्धवट असताना काढलेला छाप, मग कलाकाराने परत ॲसिडमध्ये घातली, एक कोपरा खरवडून काढला, पुन्हा छाप. असे तीन-चार टप्पे ओळीने बघायला मिळाले तर त्या माणसाने कुठे थांबून विचार केला ते समोर दिसतं. बाजारात त्यांना फार मागणी नसते, कलाकाराशी ओळख असेल तर अवश्य विचारा.

६. एकूण किती छापल्यात हे मला कसं कळणार?

विचारून, आणि लेखी घेऊन. तीन गोष्टी विचारायच्या: नंबरवाल्या किती, सगळ्या प्रकारची प्रूफ मिळून किती, आणि हेच चित्र दुसऱ्या साइजमध्ये, दुसऱ्या रंगात किंवा दुसऱ्या कागदावर वेगळी एडिशन म्हणून काढलंय का. तिसरा प्रश्न लोक विसरतात आणि तिथेच फसगत होते, कारण ५० ची एक, कॅनव्हासवर १०० ची दुसरी, छोट्या साइजमध्ये ३०० ची तिसरी, प्रत्येकीवर ‘लिमिटेड’ लिहिलेलं आणि तांत्रिकदृष्ट्या कोणीच खोटं बोललेलं नसतं.

छापून झाल्यावर प्लेटवर आडवी रेघ मारून ती रद्द करायची पद्धत आहे आणि त्याचा एक छापही काढतात. आपल्याकडे सगळे करत नाहीत, प्लेट कपाटात तशीच असते, आणि त्यात फसवणूक आहे असं नाही. फक्त प्लेट आहे कुठे आणि तिचं काय करायचं ठरलंय हे माहीत असलेलं बरं.

७. सेरीग्राफ आणि जिक्ले यात फरक काय? दोन्हीवर मोठ्या चित्रकाराची सही आहे.

सेरीग्राफ म्हणजे स्क्रीन प्रिंट, प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, एकावर एक हाताने ओढलेले रंग. कलाकाराने स्वतः स्क्रीनसाठी काम केलं असेल तर ती पूर्ण अर्थाने ओरिजिनल प्रिंट. पण आपल्याकडे हुसेन, रझा वगैरेंची जी सेरीग्राफ दिसतात त्यातली बरीच आधीच्या पेंटिंगवरून निष्णात कारागिरांनी केलेली आणि चित्रकाराने तपासून सही केलेली असतात. ते वाईट नाही, किंमत मात्र त्या हिशोबाने हवी.

जिक्ले म्हणजे भारी इंकजेट, पिगमेंट शाई, चांगला कॉटन कागद. एखाद्याचं काम मुळातच डिजिटल असेल किंवा फोटो असेल तर इंकजेट हेच त्याचं खरं माध्यम, तिथे काही तक्रार नाही. पण पेंटिंग स्कॅन करून काढलेल्या जिक्लेला एचिंगच्या रांगेत बसवून एचिंगचीच किंमत लावणं मला पटत नाही, सही असली तरी.

८. घरी बसून कसं ओळखू की ही खरी हाताने छापलेली आहे?

१० पटीचं भिंग घ्या, स्वस्तात मिळतं. ऑफसेटवर छापलेलं असेल तर निळ्या, लाल, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांच्या गोल गोल फुल्या एकसारख्या ओळीत दिसतात, तिथेच विषय संपला. इंकजेटमध्ये ओळ नसते, शिंतोडे उडाल्यासारखे बारीक ठिपके. स्क्रीन प्रिंटचा रंग सपाट आणि सलग, कडेला किंचित उंचवटा. लिथोमध्ये दगडाचा दाणा खडूच्या रेघेत दिसतो. वुडकट, लिनोच्या मागच्या बाजूने बोट फिरवलं तर कधीकधी दाब जाणवतो. (कागद हातात धरताना हात धुऊन, कोरडे करून, आणि दोन्ही हातांनी.)

एचिंग तिरप्या उजेडात धरा. चित्राभोवती प्लेटच्या कडेचा दबलेला चौकोन असतो आणि रेघ कागदाच्या पातळीपेक्षा किंचित वर उठलेली असते, शाई जणू कागदावर उभी आहे. ऑफसेटवर खोटा चौकोन दाबतात बरं का, पण उठलेली रेघ आणता येत नाही. कागदाचा वॉटरमार्कही उजेडासमोर धरून बघा.

९. सही खरी आहे हे नक्की. मग झालं ना?

नाही झालं. चित्रकार साल्वादोर दालीचं उदाहरण जगजाहीर आहे: १९७४ साली फ्रेंच पोलिसांना एका ट्रकमध्ये त्याच्या सहीचे ४०,००० कोरे कागद सापडले होते. सही खरी, वर नंतर कोणीही काहीही छापावं. म्हणून क्रम असा ठेवा: कशी छापली (८), किती छापल्या (६), कोणी छापली, आणि सगळ्यात शेवटी सही.

१०. ताई, पुण्यात बघायचं कुठे? आणि पहिल्यांदा किती खर्च करू?

बालगंधर्वचं कलादालन, घोले रोडचं राजा रविवर्मा कलादालन, शनिवार पेठेतलं सुदर्शन, इथे चक्कर टाकत राहा. प्रिंटचंच प्रदर्शन क्वचित लागतं, पण ग्रुप शोमध्ये कोपऱ्यात दोन-तीन एचिंग असतातच आणि लोक त्यांच्यासमोरून सरळ पुढे जातात. कला महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शनं अजिबात चुकवू नका. मुंबईला जे.जे. कला महाविद्यालयात प्रिंटमेकिंगचा स्वतंत्र विभाग आहे, डेक्कन क्वीनने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. बडोद्याची परंपरा तर मोठीच, प्रिंटमेकर ज्योती भट्ट तिथलेच.

पहिल्यांदा घेताना मोठ्या नावाची पुसट प्रिंट घेण्यापेक्षा तरुण कलाकाराची उत्तम छापलेली घ्या. विद्यार्थ्यांची चांगली कामं काही हजारांत मिळतात, आणि तो पैसा पुढच्या तांब्याच्या प्लेटला आणि कागदाला लागतो. एक विनंती, घासाघीस करू नका. भाजी घेतोय का आपण? १५ ची एडिशन म्हणजे १५ वेळा शाई भरणं आणि पुसणं, त्यात बिघडलेले कागद वेगळेच.

११. बिल घ्यायचं का? आणि सर्टिफिकेट?

बिल आधी, सर्टिफिकेट नंतर. बिलावर कलाकाराचं नाव, चित्राचं नाव, साल, तंत्र, कागदाचा आणि छापाचा आकार, नंबर किंवा ए/पी, आणि एडिशन केवढी हे सगळं लिहून घ्या. नुसतं ‘फ्रेम केलेले चित्र, १ नग’ असं बिल दहा वर्षांनी काही कामाचं नाही. सर्टिफिकेट विक्रेत्यानेच छापलेलं असेल तर त्याचं वजन त्या विक्रेत्याच्या नावाएवढंच. कलाकाराकडून थेट घेताय तर त्यांनी दोन ओळी हाताने लिहून दिल्या तरी पुरे, आणि परवानगी असेल तर प्रिंट हातात धरून त्यांचा एक फोटो.

जीएसटीबद्दल: ओरिजिनल एनग्रेव्हिंग, प्रिंट, लिथोग्राफ यांचा कोड ९७०२, दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. या कोडची व्याख्या वाचण्यासारखी आहे, कलाकाराने पूर्णपणे हाताने केलेल्या प्लेटवरून थेट घेतलेले छापच यात बसतात, यांत्रिक किंवा फोटोवरून केलेली प्रक्रिया बसत नाही. म्हणजे सात नंबरच्या उत्तरात मी जो फरक सांगितला तो कर खात्यालाही मान्य आहे.

१२. फ्रेम करताना काय सांगायचं? पावसाळ्यात सगळं खराब होतं.

पुण्यात जून ते सप्टेंबर हाच कागदाचा खरा शत्रू. दमट हवेत कागद फुगतो, काचेला चिकटतो, तपकिरी ठिपके येतात, कसर लागते. फ्रेमवाल्याला या गोष्टी स्पष्ट सांगा आणि शक्य तर समोर उभं राहून करून घ्या:

मागे-पुढे दोन्हीकडे ॲसिड-फ्री माउंट (म्हणजे जाड पुठ्ठा). प्रिंट फेव्हिकॉल, सेलोटेप, दुहेरी टेप कशानेही चिकटवायची नाही, वरच्या कडेला जपानी टिश्यूच्या दोन पट्ट्या गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावायच्या आणि प्रिंट त्यावर लटकत ठेवायची, म्हणजे कागदाला हलायला जागा राहते. काच आणि कागद यांत अंतर हवंच. कडा कापायची नाही, माउंटखाली दुमडायची नाही, नंबर आणि सही झाकायची नाही. शिल्पकार आणि प्रिंटमेकर सोमनाथ होर यांच्या पांढऱ्यावर पांढऱ्या ‘वूंड्स’ मालिकेसारखं उठावाचं काम असेल तर खोल बॉक्स फ्रेमच करा, दाबलं गेलं तर चित्रच गेलं. मागे हार्डबोर्ड लावायचाच असेल तर मधे ॲसिड-फ्री बोर्डाचा थर.

टांगायची जागा: बाहेरच्या, पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीवर नको, बाथरूमला लागून नको, पश्चिमेचं ऊन येतं तिथे नको. फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे लावा म्हणजे भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळते. फ्रेम न केलेल्या प्रिंट आडव्या, मधे ॲसिड-फ्री कागद घालून, गुंडाळी करून कधीच नाही.

१३. जुन्या फ्रेममधून काढली तर मागे तपकिरी पट्टे आलेत. घरी साफ करू का?

नको. तो हार्डबोर्डमधल्या ॲसिडचा डाग आहे, खोडरबर, ब्लीच, ओला बोळा कशानेही तो वाढतो, आणि पेन्सिलची सही जाऊ शकते ती वेगळीच. कागदाचं काम करणाऱ्या कॉन्झर्व्हेटरला (कलावस्तू जपणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवा. तोवर जुना बोर्ड काढून स्वच्छ फोल्डरमध्ये ठेवा. जुन्या फ्रेमवरचं लेबल, दुकानाचा शिक्का, पाठीमागचा मजकूर मात्र फेकू नका, फोटो काढून जपून ठेवा, पुढे कामाला येतो.

१४. आजोबांच्या घरात रविवर्म्याचं चित्र आहे, चित्रशाळेचंही एक आहे. ही लिमिटेड एडिशन आहेत का?

नाहीत, आणि तरी जपण्यासारखी आहेत. चित्रशाळा १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यात काढली, तिथली रंगीत लिथोची देवादिकांची चित्रं घराघरांत गेली. रविवर्म्यांचा प्रेस १८९४ चा, मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला आला, म्हणजे आपल्या लोणावळ्याच्या अलीकडे. ही चित्रं जितकी जास्त लोकांकडे जातील तितकी जावीत म्हणूनच छापली होती, त्यामुळे नंबर-सहीचा प्रश्नच नाही. किंमत ठरते ती छपाई किती जुनी, रंग किती टिकलेत, खालची प्रेसच्या नावाची पट्टी शाबूत आहे का यावर. ती पट्टी फ्रेममध्ये बसत नाही म्हणून कापलेली चित्रं इतकी दिसतात की जीव तुटतो. कोणी जरतार किंवा मोती शिवून सजवलं असेल तर ते काढू नका, तोही त्याचा इतिहास आहे. नव्या रीप्रिंट भरपूर आहेत, आठ नंबरची भिंगाची परीक्षा इथेही चालते.

आणि परदेशातल्या मुलाकडे पाठवायचा विचार असेल तर थांबा. १९७२ च्या कायद्याप्रमाणे १०० वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू पुरावशेषात मोडू शकते आणि अशी वस्तू आपल्याला देशाबाहेर नेता येत नाही. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे दाखवून घ्या.

१५. कलाकार गेल्यावर छापलेली प्रिंट घ्यावी का?

घ्यावी, पण तशी आहे हे माहीत असून. स्पॅनिश चित्रकार गोयाची युद्धावरची ८० प्लेटची मालिका तो १८२८ साली गेल्यावर थेट १८६३ मध्ये पहिल्यांदा प्रकाशित झाली, आणि तिला कोणी कमी मानत नाही. फरक इतकाच की छाप पसंत करणारा कलाकार नव्हता, त्यामुळे कोणी छापली आणि प्लेट किती झिजली होती हे महत्त्वाचं. घरच्यांनी काढलेल्या एडिशनवर इस्टेटचा (म्हणजे कलाकाराच्या वारसांचा) शिक्का आणि छापल्याचं साल हवं. ते नसेल आणि जिवंतपणीच्या प्रिंटची किंमत मागत असतील तर नको.

१६. १/१ लिहिलंय. ही पण एडिशनच का?

नाही, ती बहुधा मोनोप्रिंट किंवा मोनोटाइप, एकच छाप निघतो. काही कलाकार मुद्दाम प्रत्येक छाप वेगळ्या रंगात काढतात, तिथे नंबरच्या पुढे ई.व्ही. असतं, तेव्हा फोटोवरून न ठरवता तुमचाच कागद बघून घ्या.

१७. प्रिंट माझी, तर मी तिचं कॅलेंडर किंवा लग्नपत्रिका छापू शकते का?

नाही. कागद तुमचा झाला, कॉपीराइट कलाकाराकडेच राहतो, आपल्याकडे कलाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. विचारा, बरेच जण आनंदाने हो म्हणतात.

१८. प्रिंटवर ४/५० आहे, पण कलाकार म्हणतात आत्तापर्यंत २२ च छापल्यात. ही फसवणूक आहे का?

नाही, आपल्याकडे हे सर्रास चालतं आणि कारण साधं आहे. कागद महाग, प्रेस भाड्याचा किंवा कॉलेजचा, एकदम ५० छापून ठेवायला जागाही नाही. म्हणून मागणी येईल तशा छापतात आणि कमाल ५० हे आधीच जाहीर करतात. प्रिंटमेकर कृष्णा रेड्डींच्या पद्धतीचं व्हिस्कॉसिटीचं काम तर विचारूच नका, एकाच प्लेटवर कमी-जास्त तेलाच्या शाया वेगवेगळ्या रोलरने चढवायच्या, एकेका छापाला इतका वेळ जातो की एडिशन पूर्ण व्हायला वर्षं लागतात.

तुम्ही एवढंच बघा की नंतरचे छाप आधीच्यांसारखेच आहेत का, तोच कागद वापरलाय का, आणि कलाकाराने नोंदवही ठेवलीय का, कोणता नंबर कधी छापला आणि कोणाला गेला याची. वही असेल तर तुमचं नाव ४ नंबरपुढे लिहून घ्या. एडिशन २२ वरच थांबवायचं ठरलं तर ते या वहीतच लिहिलं जाईल, आणि तुमच्या कागदावरचं ४/५० तसंच राहील, ते खोडून बदलायला कोणालाही देऊ नका.